बापाचं की लेकाचं?

मी मोटारीच्या काचेभोवती बसणाऱ्या रबराचं काम करतो. वारा, पाणी आणि आवाज बाहेर ठेवणारी ती काळी पट्टी. अठरा वर्षं तिच्यातच गेली, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरलो की नजर आधी खिडकीच्या कडेला जाते. डेट्रॉइटच्या उत्तरेला वॉरन नावाचं गाव आहे आणि तिथे जनरल मोटर्सचं टेक्निकल सेंटर. एका मीटिंगला पहिल्यांदा तिथे गेलो आणि सवयीने खिडकीच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. काच निओप्रीन या कृत्रिम रबराच्या पट्टीत, म्हणजे गॅस्केटमध्ये, बसवलेली होती. मोटारीची पुढची काच बसवायचे, अगदी तशी. इमारत १९५० च्या दशकातली! आमच्या सांगलीत माझ्या लहानपणापर्यंत खिडकीच्या काचेला लांबी लावत, आणि दोन पावसाळ्यांत ती तडकून पाणी आत यायला लागे. इथे मात्र कुणीतरी मोटारीच्या कारखान्यातली युक्ती उचलून सरळ भिंतीला लावली होती.

रात्री घरी फोन केला. तिकडे सकाळ. आप्पांचा, माझ्या वडिलांचा, चहा चालला होता. गॅस्केटचं सगळं वर्णन त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आर्किटेक्ट कोण?"

"सारिनेन."

"बापाचं की लेकाचं?"

सारिनेन दोन आहेत हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. आप्पांनी ते पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या जे. जे. कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं. बाप एलिएल, लेक एरो. मी शोधून दुसऱ्या दिवशी कळवलं, की हे काम १९४५ मध्ये वडिलांकडे आलं, मध्ये काही वर्षं रखडलं, पुन्हा सुरू झालं तेव्हा सूत्रं मुलाच्या हाती होती, १९५० मध्ये वडील गेले आणि १९५६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आप्पा म्हणाले, "म्हणजे दोघांचं." त्या दिवसापासून आम्हा दोघांना बोलायला एक विषय मिळाला. त्याआधी आमचा फोन 'जेवलास का' आणि 'पाऊस कसा आहे' यांच्यातच संपायचा.

आप्पा सांगलीत आर्किटेक्ट. गावभागात एका खोलीचं ऑफिस, खिडकीशी सुताराकडून करून घेतलेलं सागवानी टेबल, त्यावर टी-स्क्वेअर आणि कोपऱ्याला सेलोटेपने चिकटवलेला ट्रेसिंग पेपर. शाळा सुटली की मी तिथे जायचो आणि टेबलाखाली बसायचो. वरून पेन्सिलीची सालं पडायची. बाजूच्या मोरीत प्रिंट काढायची पेटी होती, तिच्यातल्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी यायचं. हा वास आजही कुठे आला तर मला सात वर्षांचा झाल्यासारखं वाटतं.

म्हणून एरो सारिनेनने आपलं लहानपण वडिलांच्या ड्रॉईंग टेबलाखाली गेल्याचं सांगितलंय, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. त्याचं ते टेबल फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या पश्चिमेला, ह्विट्रेस्क नावाच्या घरात होतं. एलिएल, हर्मान गेसेलियस आणि आर्मास लिंडग्रेन हे तिघे भागीदार. पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनात फिनलंडचं दालन त्यांनीच उभारलं. देश तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली, आणि असं दालन म्हणजे आम्हीही कुणी आहोत हे जगाला सांगण्याची जागा. त्यानंतर तिघांनी तळ्याकाठच्या चढावर ओंडके आणि दगडांचं हे घर बांधलं आणि तिथेच संसार आणि ऑफिस दोन्ही थाटलं. एरो जन्मला १९१० च्या २० ऑगस्टला. एलिएलचाही वाढदिवस २० ऑगस्टच, १८७३ चा. सदतिसाव्या वाढदिवसाला बापाच्या हातात हे बाळ आलं.

एलिएलची एक गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि ती कुठल्या इमारतीची नाही. हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनची स्पर्धा त्याने १९०४ मध्ये जिंकली. त्या वेळचं चित्र जुन्या गढीसारखं होतं, जाड दगडी भिंती आणि राष्ट्रीय भावनेने भारलेलं. सिगुर्ड फ्रॉस्टेरस आणि गुस्ताफ स्ट्रेंगेल या दोन तरुण आर्किटेक्टनी त्यावर कडाडून टीका केली. म्हणणं असं, की आगगाडी या शतकाची, मग तिचं घर मध्ययुगातलं कशाला? एलिएल स्पर्धा जिंकून बसला होता. त्याला गप्प बसता आलं असतं. पण त्याने चित्र बाजूला ठेवलं आणि नव्याने काढलं. १९१९ मध्ये उघडलेलं स्टेशन आजही उभं आहे, मोठी कमान, बाजूला घड्याळाचा मनोरा, आणि दाराशी हातात गोल दिवे धरलेले चार दगडी पुरुष. जिंकलेलं चित्र खोडणारा माणूस पुढे आपल्या मुलासाठी जागा करू शकला, यात मला नवल वाटत नाही.

तशी खोडाखोड मी जवळून पाहिली आहे. मी अकरावीत होतो. हळदीच्या एका अडत्यांचा बंगला आप्पांकडे होता. दोन रात्री जागून त्यांनी सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र, शाईने पुरा केला होता. मी सहज बघत होतो. जिना जिथे वळत होता, तिथे वरची तुळई फार खाली आल्यासारखी वाटली. "आप्पा, इथे डोकं आपटेल," मी म्हणालो. त्यांनी स्केल लावली. पुन्हा लावली. काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढलं आणि ट्रेसिंगवरची वाळलेली शाई खरवडायला घेतली. ब्लेड तिरकं धरायचं, कागद फाटता कामा नये, नुसती शाई भुकटी होऊन वर आली पाहिजे. ती भुकटी ते फुंकरीने उडवत होते. रात्रीचे साडेबारा झाले. जिना पलीकडच्या भिंतीला गेला आणि त्याबरोबर स्वयंपाकघरही सरकलं.

आठवड्याने अडते आले. चित्र पसंत पडलं, त्यांनी आगाऊ रकमेचं पाकीट पुढे केलं. आप्पांनी पाकीट उघडून शंभराची एक नोट काढली आणि त्यांच्यादेखत माझ्या हातात ठेवली. "चूक माझी होती, याने धरली. ही याची." मी लाजून खाली बघत राहिलो. ती नोट मी कशात खर्च केली ते आठवत नाही, पण ती पुढे करणारी आप्पांची शाई लागलेली बोटं अजून दिसतात.

पुढच्या वर्षी मी मेकॅनिकलला जायचं ठरवलं. वालचंद कॉलेजला मिळत होतं, घराजवळ होतं. आप्पांना वाईट वाटलं असणार. त्यांनी ते दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "कर. मशीनलाही सेक्शन लागतोच."

आता सारिनेनांकडे येतो. १९२२ साल त्या घरात मोठं आलं. 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने आपल्या नव्या इमारतीसाठी जगभरातून चित्रं मागवली होती. एलिएलने फिनलंडमधून चित्र पाठवलं आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं, वीस हजार डॉलर. पहिल्या क्रमांकाची इमारत बांधली गेली, पण लुई सलिव्हनसारख्या थोर माणसाने उघड लिहिलं, की पहिलं यायला हवं होतं ते हे. पायरी पायरीने मागे सरत वर जाणारं एलिएलचं ते रूप पुढे अमेरिकेतल्या कितीतरी उंच इमारतींत उतरलं. स्वतः एलिएलने आयुष्यात एकही गगनचुंबी इमारत बांधली नाही. त्याच वर्षी बारा वर्षांच्या एरोने आगकाड्यांच्या रचनेच्या एका स्वीडिश स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं, तीस क्रोनर. एकाच वर्षी घरात दोन बक्षिसं, आणि पहिलं मुलाचं!

बक्षिसाच्या पैशांवर एलिएल १९२३ मध्ये अमेरिकेत आला. वय जवळजवळ पन्नास. ज्या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात, त्या वयात त्याने दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून सुरुवात केली. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकवताना त्याच्या वर्गात हेन्री बूथ नावाचा मुलगा होता. त्याचे वडील जॉर्ज बूथ डेट्रॉइटच्या वर्तमानपत्राचे मालक आणि कलेचे वेडे. ब्लूमफील्ड हिल्सला आपल्या जमिनीवर त्यांना शाळा आणि कलाशाळा उभी करायची होती. म्हणजे या शाळांचं, क्रॅनब्रुकचं, काम एलिएलकडे आलं तेही एका बाप-लेकाच्या हातूनच.

क्रॅनब्रुक माझ्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. मी ट्रॉयला राहतो. आई-आप्पा २०२२ च्या उन्हाळ्यात आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी त्यांना तिथे नेलं. एलिएल ज्या घरात राहिला, ते आता जसंच्या तसं जपलं आहे. जेवणाची खोली अष्टकोनी, कोपऱ्यांत लाल कोनाडे, वर सोनेरी वर्खाचा घुमट आणि खाली गोल टेबल. आप्पा दारातच थांबले. त्यांना घुमट बघायचा नव्हता. भिंत आणि छत जिथे भेटतात ती रेघ बघायची होती. आठाचा गोल कसा केला, ते. तिथून हलायला त्यांना दहा मिनिटं लागली.

आई पुढे गेली होती. बैठकीच्या खोलीतल्या गालिच्याशी उभी राहून तिने विचारलं, "बाप-लेक, बाप-लेक करताय मघापासून. हा कुणी विणला?"

आम्ही दोघेही गप्प. तो होता एलिएलच्या बायकोच्या, लोयाच्या विणकामशाळेतला. लोया मूळची शिल्पकार. क्रॅनब्रुकमध्ये तिने माग मांडले, विणकर बायका जमवल्या आणि इथल्या इमारतींसाठी पडदे, गालिचे, भिंतीवरची वस्त्रं केली. मुलगी पिप्सान हीही डिझायनर, एरोहून पाच वर्षांनी मोठी. जवळच किंग्सवूड ही मुलींची शाळा आहे, १९३१ ची. तिथे वडिलांनी इमारत केली, आईने कापड, पिप्सानने सभागृहाची आणि जेवणघराची सजावट, आणि विशीतल्या एरोने खुर्च्या-टेबलं. त्या शाळेच्या जेवणघरात उभं राहिलं की एखाद्या घरच्या कार्याची आठवण येते, ज्यात प्रत्येकाने काही ना काही उचललेलं असतं. आईच्या प्रश्नानंतर मी 'बाप-लेक' म्हणताना जरा अडखळतोच.

एलिएलच्या त्या घरातल्या निजण्याच्या खोलीतलं फर्निचर एरोने केलेलं आहे, आपल्या आई-वडिलांसाठी. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. आप्पांनी आरशाच्या टेबलाच्या कडेला वाकून बघितलं आणि म्हणाले, "बापाने करू दिलं बघ."

या वाक्याला वजन आहे. एलिएल तेव्हा नावारूपाला आलेला माणूस, आणि ते घर म्हणजे त्याचं सगळं जगासमोर मांडायची जागा; दाराच्या मुठीपासून दिव्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. तिथे त्याने एक खोली मुलाला दिली.

एरो आधी पॅरिसला शिल्पकला शिकायला गेला, मग येल विद्यापीठात आर्किटेक्चर. १९३० च्या दशकाच्या मध्यावर तो परत आला तो वडिलांच्याच ऑफिसात. पुढची तेरा-चौदा वर्षं दोघांनी एका छताखाली काम केलं. बफेलोचं क्लाइनहान्स संगीतगृह, विनेटकाची क्रो आयलंड शाळा. ही शाळा १९४० ची. प्रत्येक वर्ग इंग्रजी 'एल'सारखा, त्याला स्वतःचं अंगण, आणि बाकं, खिडक्या, दिव्याची बटणं मुलांच्या उंचीची. आज ज्यात आपल्याला विशेष वाटत नाही, ते तेव्हा नवीन होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलादालनाची स्पर्धा दोघांनी १९३९ मध्ये जिंकली. ती इमारत झालीच नाही. वडिलांचा एक धडा एरो पुढे नेहमी सांगे: कुठलीही वस्तू तिच्याहून मोठ्या गोष्टीत ठेवून बघायची. खुर्ची खोलीत, खोली घरात, घर परिसरात, परिसर गावात. मी रबराची पट्टी दारात आणि दार गाडीत ठेवून बघतो तेव्हा हा धडा माझ्याही कामी येतो.

पण माणूस तिशी ओलांडून पस्तिशीत गेला तरी पत्रव्यवहारात तो 'एलिएलचा मुलगा'. आपल्याकडे तर बापाचं नाव कागदोपत्री मधोमधच असतं. इथे अमेरिकेत प्रत्येक फॉर्मवर माझ्या नावाच्या मध्ये आप्पांचं नाव येतं, आणि बँकेतल्या बाईंनी एकदा मला त्याच नावाने हाक मारली होती. मी 'ओ' दिली. एरोच्या बाबतीत नावाचा घोटाळा फार मोठ्या प्रसंगी झाला.

मिसिसिपी नदीच्या काठी सेंट लुई शहरात राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या स्मरणार्थ काही उभारायचं होतं. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचं ते दार. १९४७ मध्ये स्पर्धा जाहीर झाली आणि वडील-मुलांनी वेगवेगळी चित्रं पाठवली. एकाच ऑफिसातून, एकमेकांविरुद्ध. एकूण १७२ चित्रं आली, त्यातून पाच निवडली गेली. तार आली ती एलिएलच्या नावाने. घरात आनंद झाला, शॅम्पेन उघडली, सगळ्यांनी म्हाताऱ्याचं अभिनंदन केलं. एरोनेही केलं असणारच. आणि मग कळवण्यात आलं, की नावात गफलत झाली आहे, निवड झाली आहे ती मुलाची.

एलिएलने दुसरी बाटली उघडली, एरोसाठी.

हा प्रसंग मी आप्पांना क्रॅनब्रुकच्या आवारात सांगितला, एका बाकावर बसून. त्यांना तो माहीत नव्हता. थोडा वेळ कारंज्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहिली बाटली संपली असेल का तोवर?" असले प्रश्न त्यांनाच सुचतात. म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात अजून स्वतःच्या आनंदाचा पेला होता का, आणि तो खाली ठेवून त्याने दुसरा उचलला का. मला त्या क्षणी अडत्यांच्या पाकिटातली नोट आठवली. मी तसं त्यांना सांगितलं नाही.

१९४८ च्या फेब्रुवारीत अंतिम निकाल लागला आणि एरोची कमान जिंकली. दोन वर्षांनी, १ जुलै १९५० ला एलिएल गेला. त्यानंतर एरोकडे उरली फक्त अकरा वर्षं. तेवढ्यात या माणसाने काय केलं! एमआयटीत विटांचं गोल प्रार्थनागृह आणि तीन टेकूंवर उभं कवचासारखं सभागृह. येलमध्ये देवमाशाच्या पाठीसारखं बर्फावरच्या हॉकीचं मैदान. न्यूयॉर्कच्या विमानतळावर पंख पसरलेलं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं टर्मिनल, वॉशिंग्टनजवळ डलसचा विमानतळ. एका पायावरची ट्युलिप खुर्ची, जिच्या नकला मी पुण्यातल्या कॉफीच्या दुकानांतही पाहिल्या आहेत. सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या १९५७ च्या स्पर्धेत तो परीक्षक होता, आणि योर्न उट्झनचं चित्र नाकारलेल्या गठ्ठ्यातून त्यानेच बाहेर काढलं असं सांगतात.

तेव्हाचे समीक्षक म्हणत, या माणसाला स्वतःची शैली नाही, प्रत्येक इमारत वेगळीच. मला हे पटत नाही. ज्याने वडिलांच्या हाताची रेघ इतक्या जवळून पाहिली, इतकी वर्षं गिरवली, तो आपली म्हणून एक रेघ ठरवून मोकळा होणार नाही. दर कामाला तो पहिल्यापासून विचारत होता, की हे काय आहे? विमानतळ काय आहे, चर्च काय आहे, खुर्चीला पाय कशाला लागतात? आप्पांचं मत वेगळं. त्यांच्या मते बाप थोर. लेक घाईत होता. यावर आमचा इंडियानापर्यंत वाद झाला.

इंडियानात कोलंबस नावाचं छोटं गाव आहे. पुण्याच्या माणसाला ते सांगायला नको, कारण कमिन्स या इंजिनांच्या कंपनीचं मुख्यालय तिथेच. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि तेव्हापासून कोथरूडहून कोलंबसला जाणारी मंडळी काही कमी नाहीत. माझी मावसबहीणही त्यांतलीच, कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमधून थेट. तिच्याकडे मुक्काम होता. दिवाणखान्यात गणपती आणि खिडकीतून एलिएलचा मनोरा!

ते फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १९४२ चं. साधी चौकोनी इमारत, फिकट विटांची, आणि बाजूला सुटा उभा मनोरा, १६६ फूट. ते बांधत असताना कमिन्सच्या जे. आयर्विन मिलर यांची आणि एरोची मैत्री जुळली. पुढे मिलर यांनी बँक आणि स्वतःचं घर एरोकडून करून घेतलं. आणि गावात सार्वजनिक इमारत चांगल्या आर्किटेक्टकडून करून घेणार असाल तर त्याची फी आम्ही देऊ, असं कमिन्सच्या फाउंडेशनने ठरवलं. म्हणून या छोट्या गावात शाळा, अग्निशमन केंद्रं, ग्रंथालय, सगळं थोरामोठ्यांच्या हातचं आहे. सांगलीत नगरपालिकेच्या निविदांना आप्पांनी किती वर्षं घासाघीस करून फी मिळवली हे मला माहीत आहे. त्यांनी ही योजना बहिणीला दोनदा सांगायला लावली.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एरोचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च. षट्कोनी, जमिनीवर टेकल्यासारखं पसरट छप्पर आणि मधून वर गेलेली १९२ फुटांची सुई. या कामात तो महिनोन् महिने अडकून होता. १९६१ मध्ये त्याने मिलरना लिहिलं होतं, की स्वर्गाच्या दाराशी संत पीटरसमोर उभा राहीन तेव्हा मला सांगता यावं, आयुष्यात केलेल्या चांगल्या इमारतींपैकी एक म्हणजे हे छोटं चर्च. त्याच वर्षी १ सप्टेंबरला मेंदूच्या गाठीने तो गेला. एक्कावन्न पुरे होऊन बारा दिवस झाले होते. चर्च १९६४ मध्ये पुरं झालं.

आप्पा आत बराच वेळ बसले. प्रकाश मधोमध वरून खाली येतो. बाहेर आल्यावर म्हणाले, "घाईत नव्हता. वेळ नव्हता त्याच्याकडे." वाद तिथे मिटला.

टीडब्ल्यूए, डलस, सेंट लुईची कमान, काहीच त्याने पुरं झालेलं पाहिलं नाही. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू या सहकाऱ्यांनी ती कामं तडीस नेली. त्याचा मुलगा एरिक सिनेमॅटोग्राफर झाला. एरो दुसऱ्या लग्नाच्या वेळी पहिलं घर सोडून गेला होता, आणि ती अढी एरिकच्या मनात बरीच वर्षं होती. पुढे, म्हातारपण जवळ आल्यावर, तो कॅमेरा घेऊन वडिलांच्या इमारती चित्रित करत हिंडला. तिसऱ्या पिढीने टेबल नाही घेतलं. चालायचंच. पण कधी ना कधी माघारी येऊन बघावंसं वाटतं, हे मी माझ्यावरून सांगू शकतो.

आप्पांचं ऑफिस आता नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा खोली छतापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर लोखंडी कपाट उघडलं, तर चाळीस वर्षांची ट्रेसिंगं चिखलाच्या लगद्यासारखी एकमेकांना चिकटलेली. मी तेव्हा इथे होतो. फोनवर आप्पांचा आवाज शांत होता. "घरं आहेत ना उभी," म्हणाले, "कागद गेले." टेबल मात्र सागाचं होतं म्हणून टिकलं, धुऊन वाळवून ते विश्रामबागच्या घरी आणलंय. त्यावर आई पापड वाळत घालते.

कोलंबसहून सेंट लुई साडेचार तास. कमान लांबूनच दिसायला लागली, आणि मागच्या सीटवरचं आप्पांचं बोलणं थांबलं. ६३० फूट उंच आणि ६३० फूटच रुंद. बाहेरून स्टेनलेस स्टील, आडवा छेद त्रिकोणी. त्रिकोणाची सूचना कार्ल मिलेस या क्रॅनब्रुकच्या शिल्पकाराची. आकार कसा ठरला ते आप्पांनी आईला तिथेच समजावलं. तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन टोकं धरून सोडलं की कसं लोंबतं? तेच उलटं केलंय. फक्त मध्ये हलकं आणि पायाशी जड."

शेवटचा तुकडा बसवण्याची गोष्ट मी वाचून ठेवली होती. २८ ऑक्टोबर १९६५. दोन्ही पाय वर येऊन मध्ये फट राहिलेली, पण उन्हाने दक्षिणेकडचा पाय तापून पसरला तर तुकडा बसणार नाही. म्हणून अग्निशमन दलाच्या नळ्यांनी त्या पायावर पाण्याचा मारा केला, जॅक लावून दोन्ही टोकं दूर ढकलली आणि मग तुकडा आत घेतला. हे ऐकून आप्पा खूश झाले. "म्हणजे धाव चढवतात तसं!" बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव लाल तापवून चढवतो आणि वरून पाणी ओततो, चर्रर्र आवाज होतो आणि धाव आवळून बसते. मिरजेच्या रस्त्यावर लहानपणी त्यांनी ते पाहिलं होतं. मी तो आवाज कधी ऐकलेला नाही.

वर जाणाऱ्या डब्यात पाच माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. आप्पा नको म्हणाले. त्यांना खाली काम होतं. साइटवर टेप नसेल तर ते पावलांनी मोजत, आणि त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं असे; गवंडीही त्यावर विश्वास ठेवत. त्यांनी उत्तरेच्या पायाला तळवा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि दक्षिणेकडे निघाले. मी बाजूने चालत होतो. मध्ये बोलायचं नाही, ही लहानपणापासूनची ताकीद. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "दोनशे त्रेसष्ट."

मी मनात भागाकार केला. दोनशे बावन्न यायला हवी होती.

"आकडा बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "पाऊल आखूड झालंय."

मग सावलीत बसून त्यांनी खिशातली डायरी काढली. कमान एका दमात काढली, उजवीकडून डावीकडे, पेन न उचलता. रेघ जरा थरथरली, पण तोल सुटला नाही. बाजूला पायाचा त्रिकोण काढला, वरचा लहान त्रिकोण काढला, बाण दाखवले. आकड्यांची जागा रिकामी सोडली आणि पेन माझ्याकडे केलं.

"तू घाल. माझे आता वाचता येत नाहीत."

मी पायाच्या त्रिकोणाच्या बाजूला ५४ लिहिलं, वरच्याला १७, आणि मग दोन्ही मोठ्या बाणांवर ६३०. आप्पांनी डायरी लांब धरून बघितली आणि म्हणाले, "सहा जरा मोठा काढ."